पाठीला माती

त्या दिवशी वारा अगदी पडलेला. सकाळी नऊलाच तालमीचे पत्रे तापून तडतडायला लागले होते.

"दोन पोरं देता का न्हाई, तेवढं सांगा वस्ताद!"

सर्जेराव दारातूनच ओरडला. एका हातात कमरेचा पट्टा, दुसऱ्यात किल्ली. या गड्याची पाठ पंचक्रोशीत कुणी मातीला लावली नव्हती.

बाबालाल वस्ताद त्याचे गुरू, आणि आता भिंतीला भिंत लागून शेजारी. म्हातारा कुस्तीच्या हौद्यात बसून लाल मातीतले खडे वेचत होता.

"कशाला रं पोरं?"

"आमच्या सुजितला धरायला! खिशात जळका चंदेरी कागद सापडलाय. नशा करतंय कार्टं. खोलीत कोंडलाय. कबूल करंपर्यंत फोडून काढणार आज."

"त्याला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? पैलवानाच्या घरात ही घाण! गावाला तोंड कसं दाखवू?"

"खिसे बघितलंस. त्याचं तोंड कधी बघितलंस?"

सर्जेराव भडकला. "म्हंजे चूक माझीच? काय कमी केलं मी त्याला?"

वस्तादांनी फावडं पुढं सरकवलं.

"माती दगड झालीया. उकर."

गुरूचा शब्द मोडायची सवय नव्हती. पट्टा-किल्ली हौद्याच्या कडेला टाकून, शर्ट काढून तो उतरला. एका घावाला एक शिवी. अर्धा हौदा उकरून झाला तशा शिव्या सरल्या, नुसता धापा टाकत राहिला.

"वस्ताद... सहा महिनं झालं, पोरगं धड जेवत न्हाई. माझी चाहूल लागली की दार लावून घेतंय."

"तू इथं पहिल्यांदा आलास, तवा कसा होतास?"

"लटलट कापत होतो."

"आणि पहिल्या पकडीत चीत कोण झालं?"

सर्जेराव थांबला.

"...तुम्ही. आपणहून पडलासा."



सर्जेराव फावडं ठेवून पट्टा उचलायला वाकला. वस्तादांनी त्यावर पाय ठेवला.

"किल्ली तेवढी घे."

"मला बोलाया जमायचं न्हाई, वस्ताद. तुम्ही चला."

"दवाखान्यात येतो. तिघं मिळून जाऊ. पण दार तू उघड."

वस्तादांनी मूठभर माती उचलली आणि त्याच्या घामेजल्या, कोऱ्या पाठीवर सावकाश चोळली.

"जा सर्जा. आज आधी तू पड."