कुरोदा-सान काय म्हणाल्या

“आणि त्या काय म्हणाल्या?” हौसाताईंनी विचारलं.

“कोण?”

“कुरोदा-सान. आत्ता तू त्यांना विचारलंस ना, ‘सामुकु नाइ देस का’ म्हणून. थंडी वाजत नाही ना. मग काय म्हणाल्या?”

सुमेध गजभियेला हसू आलं. कुरोदा-सान ब्याण्णव वर्षांच्या. दीड वर्षापासून त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता, हे त्या डोंगरातल्या वृद्धाश्रमात पार स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

“त्या काय म्हणणार, ताई?”

“मग विचारलंस कशाला?”

सुमेधला ते काही पटलं नाही. भंडाऱ्याहून आलेल्या या ब्रदरला आपल्या जपानीचा भारी अभिमान होता. नागपूरच्या क्लासात पहिला आलेला. रोजच्या वापरातली चारशे वाक्यं तोंडपाठ. खोलीत शिरताना ‘ओहायो गोझाइमास’, अंगाला हात लावताना ‘शित्सुरेइ शिमास’, म्हणजे माफ करा, कूस बदलताना ‘दुखत नाही ना’. एक अक्षर चुकायचं नाही. फक्त वाक्य संपायच्या आत कामही उरकलेलं असायचं.

हौसाताई मूळच्या मिरजेच्या नर्स. चाळीस वर्षांपूर्वी जपानात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. आश्रमात येणाऱ्या नव्या पोरांना काम शिकवायचं त्यांच्याकडे होतं. सुमेधची तीन महिन्यांची उमेदवारी दुसऱ्या दिवशी संपत होती. कागदावर ताईंचा शिक्का उठला तर नोकरी पक्की, नाही तर परत भंडारा. आणि गावभर पेढे वाटून विमानात बसलेल्या माणसाला परत जाणं म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

“विचारलं की थांबायचं,” ताई म्हणाल्या.

“किती वेळ?”

“उत्तर येईपर्यंत.”

“आणि नाहीच आलं तर?”

ताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं.

“तू कधी थांबून पाहिलंयस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांनी त्याला कुरोदा-सानच्या खोलीपाशी नेलं. बाहेर रात्रभर बर्फ पडला होता. खिडकीत झाड नाही, डोंगर नाही, नुसता पांढरा उजेड होता. ताई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. रोजचं काय ते कर, एवढंच म्हणाल्या.

सुमेध आत गेला. खोली गारठली होती. हीटर बंद का, असं त्याने वळून विचारलं. ताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“ओहायो गोझाइमास, कुरोदा-सान.”

म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली होती. पांघरूण खांद्यावरून घसरलं होतं.

“सामुकु नाइ देस का?” म्हणता म्हणता त्याचा हात पांघरुणाकडे गेला.

“हात,” दारातून ताई म्हणाल्या.

हात मागे आला. त्याने पुन्हा एकदा विचारलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

...

आधी त्याला कंटाळा आला. मग ताईंचा राग आला. मग तो रागही कुठे गेला कळलं नाही, आणि उगाचच भीती वाटायला लागली. समोरचं माणूस बोलायच्या आधी क्षणभर थांबतं ना, तेवढीच ती शांतता होती, पण ती संपत नव्हती. आपण श्वास रोखून धरलाय, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

...

मग तो पुढे वाकला आणि त्याने पांघरूण हलक्या हाताने वर ओढलं, पार कानापर्यंत.

“काय म्हणाल्या?” ताईंनी विचारलं.

“सामुइ. थंडी वाजतेय म्हणाल्या.” सुमेध वळला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. “ताई, दीड वर्षानं बोलल्या त्या.”

ताई उंबऱ्याबाहेरून नुसत्या बघत होत्या.

त्याला इतका आनंद झाला होता की काय करावं सुचेना. नाडी बघावी म्हणून तो पुन्हा पलंगाशी वाकला. ‘शित्सुरेइ शिमास’ म्हणाला, आणि या वेळी कुणी न सांगता थांबला. मग पांघरुणाखालून त्याने तिचं मनगट हातात घेतलं.

नाडी लागेना. त्याने बोटं जरा वर सरकवली. मनगट ताठ होतं आणि थंडगार होतं. असे हात त्याने भंडाऱ्याला वॉर्डात बरेच पाहिले होते. हे आत्ताचं नव्हतं. दोन-तीन तास तरी होऊन गेले होते.

“ताई, या तर...”

“पहाटे पाचला गेल्या. मी जवळ होते. डॉक्टर बर्फामुळे अडकलेत, येतील.”

सुमेध भिंतीला टेकला. घाबरल्यावर त्याच्या तोंडात गावची बोली आली.

“मंग मले सांगतलं काहून नाही?”

“इथे गेलेल्या माणसालाही विचारूनच हात लावतात. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं तुला. वहीत लिहूनसुद्धा घेतलंस.”

“पण मी ऐकलं, ताई. माझ्या कानानं ऐकलं.”

ताईंनी तेही खोडून काढलं नाही. तेच त्याला सहन झालं नाही. तो भिंतीला धरून धरून दाराकडे सरकू लागला. कागद राहू द्या, म्हणाला. आपण परत जातो, लोक हसले तर हसू देत, पण पुन्हा या खोलीत पाय ठेवणार नाही.

हौसाताईंनी खिशातून कागद काढला. दाराच्या चौकटीवर टेकवून त्यावर शिक्का उठवला, घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. दारातून मात्र त्या हलल्या नाहीत.

...

“पांघरूण वर ओढलंस, पाय उघडे पडलेत त्यांचे,” त्या म्हणाल्या. “विचारून झाक.”