सणाची होडी

कोणे एके काळी वसईच्या किनाऱ्यावर सणासाठी नव्यानं रंगवलेली एक होडी दिमाखात उभी होती. फादरांचा आशीर्वाद मिळेपर्यंत तिनं पाण्याला शिवायचं नाही, अशी गावाची रीत. सणाच्या आदल्या संध्याकाळी वादळात सापडलेलं एक होडकं खाडीच्या तोंडाशी ओरडू लागलं, “ताई, बुडतंय गं मी!”

“चल, जाऊ या,” वल्हं म्हणालं.

“आशीर्वादाआधी? लोक काय म्हणतील?” होडी म्हणाली. “उद्या बघू.”

हाका येत राहिल्या, मग थांबल्या.

सकाळी फादरांनी होडीवर पवित्र पाणी शिंपडलं. “जा, बुडणाऱ्यांपर्यंत पोहोच,” ते म्हणाले. सारा गाव ‘आमेन’ म्हणाला. भरतीनं होडक्याची फुटकी फळी आणून होडीच्या कुशीला टेकवली होती.