परवान्यातली शेवंती

परवान्यावर नाव होतं शेवंती, आणि परवाना घेऊन धक्क्यावर उभी होती द्वारका!

बंदराचे कारभारी विसाजीपंत यांनी परवाना उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाई, हा परवाना तुझा नाही."

"माझाच आहे! या गलबताची शिडं मी शिवली, म्हणून महाराजांनी स्वतःच्या हातानं दिलाय."

"मग नाव विचारल्यावर द्वारका का सांगितलंस?"

"मधे लग्न झालं ना माझं!"

घोळ झाला तो असा. शिंपलगडच्या वीरभान महाराजांनी नवं गलबत बांधलं आणि ते बांधणाऱ्या कारागिरांनाच पहिला जलविहार घडवायचं ठरवलं. परवाने वाटून झाले, आणि तेवढ्यात शेवंतीचं लग्न उरकलं. नवऱ्यानं, धाकू खारव्यानं, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं 'द्वारका' असं नाव लिहिलं. सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून ते सुनेकडून घोटून घेतलं. पाणी आणायला द्वारका, ताटं वाढायला द्वारका, कुणी नाव विचारलं तर द्वारका! बिचारीनं धक्क्यावर विचारल्याबरोबर पढवलेलं नाव सांगून टाकलं.

दुसरी एखादी मुकाट्यानं घरी गेली असती. पण गलबत माडबेटाला थांबणार होतं, आणि माडबेटावर शेवंतीची थोरली बहीण सगुणा नांदत होती. वाटेतल्या खडकांमुळे खारव्यांच्या लहान होड्या तिकडे फिरकत नसत; खोल समुद्रातून वळसा घालायला गलबतच हवं. सगुणेला मुलगी झाल्याचा नुसता निरोप आला होता. ती पोर आता रांगायलाही लागली असेल. तिच्यासाठी शेवंतीनं मऊ लुगड्याची कुंची शिवून गाठोड्यात बांधली होती. अशी संधी पुन्हा कधी येणार? तिला अगदी रडूच फुटणार होतं, पण ते गिळून ती म्हणाली, "मी महाराजांनाच विचारते!"

"विचार की! नियम त्यांचाच आहे," विसाजीपंत म्हणाले. "मागे जुन्या गलबताच्या जलविहाराला त्यांच्या मेहुण्याचा परवाना घेऊन मेहुण्याचा आचारी चढला आणि फराळाचे सगळे डबे एकट्यानं फस्त केले. तेव्हापासून ज्याचं नाव, तोच चढणार!"

महाराज जवळच शामियान्यात बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण एकदा धरलेला हट्ट त्यांनी कधी सोडलाय?

"नाव बदललं की बदललं," ते म्हणाले. "भरती येईपर्यंत या धक्क्यावर शेवंती हजर कर. नवा परवाना मिळणार नाही, खाडाखोड चालणार नाही, साक्षीदार आणायचे नाहीत. आणि नुसतं स्वतःच्या तोंडानं 'मीच शेवंती' म्हणशील, तर परवाना जप्त!"

"आणि शेवंती हजर झाली तर?"

"तर तिला आमच्या शेजारी बसवून नेऊ!" महाराज म्हणाले, आणि सगळा धक्का हसला.

बायकोला पोचवायला आलेला धाकू पार हिरमुसला. "माझंच चुकलं गो! घाटमाथ्यावरच्या मामाचं ऐकून ते नाव ठेवलं. पुन्हा तांदूळ पसरून शेवंती लिहू काय?"

"लिहा की! आणि सासूबाईंना काय सांगाल?"

धाकूनं नुसतं डोकं खाजवलं. आईपुढे त्याची बोलती बंद होत असे.

बघता बघता भरतीचं पाणी चढलं. गलबत डोलायला लागलं. महाराज उठले, तशी भालदारानं खणखणीत ललकारी दिली, "प्रजेचे मायबाप, वीरभान महाराज येत आहेत हो!"

शेवंतीचे डोळे एकदम चमकले. ती तडक पुढे गेली, वाकून महाराजांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आले हो मी, बाबा!"

विसाजीपंतांच्या हातातून परवाना गळून पडायचा राहिला. "अगं, महाराजांना बाबा म्हणतेस?"

"भालदारानंच ओरडून सांगितलं की! महाराज, ललकारी खरी की खोटी?"

"खोटी?" महाराज कडाडले. "आजोबांपासून चालत आली आहे! खरीच!"

"मग मायबाप उभे आहेत ते माझं माहेर. बरं, एक विचारू? आपल्या राजकन्येचं लग्न झालं, तेव्हा सासरच्यांनी तिचं नाव काय ठेवलं?"

महाराजांनी भुवया वर केल्या, मग खाली आणल्या. त्यांनी विसाजीपंतांकडे पाहिलं. विसाजीपंतांनी समुद्राकडे पाहिलं.

"काहीतरी... वती आहे खरं," महाराज पुटपुटले. "पण ती घरी आली की आम्ही कुठलं ते नाव घेतोय! आम्ही आपलं चिमणीच म्हणतो. जन्मभर चिमणीच म्हणणार!" बोलता बोलता त्यांचा आवाज जरा ओला झाला.

"बघा! सासरी मी द्वारका, ते नाव मला मान्यच आहे. पण लेकीचं नाव माहेरी कोण बदलतं? आता बापानंच सांगावं, दारात कोण आलंय. नाही सांगायचं, तर आधी भालदाराची ललकारी बदला!"

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी सावरायला दोन्ही हात लागले.

"विसाजीपंत, शेवंती आली आहे! चढवा तिला!"

"पण महाराज, नियम..."

"नियम तोच! ज्याचं नाव, तोच चढणार. आणि ही शेवंती आहे, असं तिचा बाप सांगतोय! लेक माहेरी आली आहे, तिला पैठणी आणा. आणि गलबत माडबेटाला मुक्काम करील. बहिणी-बहिणींना पोटभर बोलू दे!"

शेवंती फळीवर चढली आणि तिथेच थांबली.

"आता काय राहिलं, पोरी?"

तिनं मागे उभ्या असलेल्या धाकूकडे बोट दाखवलं. "बाबा, यांच्याकडे परवानाच नाही!"

"परवाना?" महाराज पुन्हा हसत सुटले. "जावयाला परवाना विचारणारा सासरा अजून जन्माला यायचाय! या जावईबापू, चढा!"