बुवांच्या बंडीचे बटण

ही हकीगत मी गुरुवार, ९ जानेवारी २०२० रोजी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, विद्यापीठाच्या ग्रंथालयामागील चहाच्या टपरीवर खुद्द वल्लभ कुंटे यांच्या तोंडून ऐकली. नंतर ती त्यांच्या चमूतील केंजळेबाईंकडे आणि नरहरीबुवांच्या मठात स्वयंपाक करणाऱ्या सोनूताईंकडे पडताळून पाहिली. एक तपशील वगळता ती जुळते.

"कोण पोचलं?" नरहरीबुवांनी विचारले.

"मी, बुवा! सगळ्यांच्या आधी!"

वल्लभने मठाच्या पायरीवर पाठपिशवी टेकवली. दुपारचे दोन वाजले होते. पाच दिवस, एकशे दहा किलोमीटर. अंध मुलांच्या वसतिगृहावर छप्पर चढावे म्हणून काढलेली ही पदयात्रा. प्रत्येक चमूत सहा जण, आणि नियम एकच : पाचव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत सहाच्या सहा जण मठात हजर झाले, तरच त्या चमूच्या नावाची देणगी वसतिगृहाला मिळायची.

वल्लभ आपल्या चमूचा प्रमुख. त्याचा आणखी एक हेतू होता. तीन वर्षे तो बुवांकडे अनुग्रह मागत होता, आणि या खेपेस बुवा म्हणाले होते, "चमू घेऊन चालत ये. मग बघू."

"बाकीचे कुठंयत?"

"येताहेत... रखडत. सात किलोमीटर मागं असतील."

"का बरं?"

"सगळ्यांच्या पायांना फोड आलेत, बुवा. पण खरं दुखणं मनाचं. केंजळेबाई दर मैलाला बसतात. उस्मानमास्तर पडले शिंपी, बैठं काम. त्यांना चालणं कसं जमणार? मी रोज पुढं राहून आदर्श घालून देतो."

"मग?"

"केंजळेबाई म्हणतात, 'वल्लभ, तू पुढं असतोस हे आम्हाला ऐकूनच माहीत आहे रे.'"

बुवांनी मूठ उघडली. तळहातावर एक पांढरे बटण होते.

"सुईदोरा आहे का? बंडीचं बटण तुटलंय."

वल्लभचा चेहरा उजळला. हे कुणीतरी विचारावे असे त्याला पाच दिवस वाटत होते आणि कुणी विचारले नव्हते. निघतानाच त्याने सर्वांच्या पिशव्या रिकाम्या करवल्या होत्या. एकच वस्तू सहा जणांनी का वाहायची? मलम, पट्ट्या, तेल, एवढेच काय, उस्मानमास्तरांची सुयांची डबीसुद्धा त्याने एका थैलीत घालून स्वतःच्या पाठीवर घेतली होती. जबाबदारी प्रमुखाची.

त्याने पिशवीच्या तळाशी हात घालून थैली काढली.

बुवांनी तिची गाठ निरखली. "ही पहिल्या दिवसाची गाठ दिसते."

"एकदाही सोडावी लागली नाही! मला एकसुद्धा फोड नाही."

"फोड आला की काय करतात रे?"

"सोपं आहे. सुईनं त्यातून दोरा ओवायचा. पाणी हळूहळू झिरपून जातं, आणि माणूस पुन्हा चालायला..."

वल्लभ थांबला.

बुवा वाट पाहत राहिले.

"...लागतो," वल्लभने वाक्य पुरे केले.

"शिंपी आहे म्हणालास ना चमूत?"

"आहे."

त्याचे कान तापले होते. तरी त्याने धीर केला. "पण बुवा, मी तर पोचलो ना? अनुग्रहाचं..."

बुवांनी थैलीची गाठ सोडली, डबीतली एक सुई काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "पोचलास का, ते त्यांना विचारून ये."

वल्लभ थैली उचलून आल्या वाटेने पळत सुटला.

कालव्याच्या पुलाशी पाचही जण चिंचेखाली पाय पसरून बसले होते. उस्मानमास्तरांनी हाक मारली, "या साहेब! आदर्श उलटा फिरला की काय?"

वल्लभने न बोलता थैली त्यांच्यापुढे ठेवली. मास्तरांनी आपली डबी ओळखली. "चार दिवस शिंप्याच्या पायाला फोड आणि सुई कप्तानाच्या पाठीवर! वा!" मग झंपराला हूक लावावेत इतक्या सराईतपणे त्यांनी पायांमागून पाय हातावेगळे केले.

पळापळीत वल्लभलाही दोन फोड आले होते. केंजळेबाईंनी त्याला दंडाला धरून खाली बसवले. "ये. आता तुझा नंबर."

सूर्य डोंगरावर हातभर उरला असताना चमू मठात शिरला. वल्लभ सर्वांत शेवटी, केंजळेबाईंची काठी टेकत.

"कोण पोचलं?" बुवांनी विचारले.

वल्लभने तोंड उघडले... आणि बाईंकडे पाहिले.

"सहा जण, बुवा," बाई म्हणाल्या. "याला धरून."

बाकीचे पाय धुवायला गेले. वल्लभ घुटमळत पुढे आला.

"बुवा... अनुग्रह?"

"दुपारीच दिला की. हातात होता तुझ्या."

बटणाचा तपशील मात्र मला शेवटपर्यंत निश्चित करता आला नाही. ते बुवांच्या बंडीचेच होते, असे वल्लभ कुंटे आजही शपथेवर सांगतात. सोनूताईंच्या म्हणण्याप्रमाणे, बुवांची बंडी जन्मभर नाड्यांचीच होती.