ठमीचं पों

एक होता फाटा. फाट्यावर होतं गॅरेज. गॅरेजच्या मागे होतं बीळ. बिळात राहायची ठमी उंदरी.

ठमी एवढीशी. शेपूट तेवढं लांब.

ठमीकडे होता एक भोंगा. काळा, रबरी, गोल गोल. दाबला की वाजायचा, "पों." म्हणून ठमी त्याला म्हणायची पों.

पों होतं लाल रिक्षाचं. रिक्षाच्या सीटखाली ठमीचा जन्म झाला. रिक्षा निघाली की वाजायचं, "पों." मग ठमीची आई म्हणायची, "ठमे, घट्ट धर."

आता रिक्षा नाही. आईही नाही. पों तेवढं आहे.

एक दिवस ठमीनं पों उन्हात ठेवलं. बिळाच्या तोंडाशी. तेवढ्यात आले दगडूमामा. गॅरेज त्यांचंच. मामांनी आणला जुना टायर. गडगड, गडगड, धप्प. टायर पडला पोंवर. आणि मामा बसले टायरवर. चहा प्यायले, सुर्र सुर्र.

मामा जड. पों म्हातारं. ठमी धावत आली.

"मामा, मामा, टायरवरून उठा. खाली माझं पों आहे."

मामांनी वाकून पाहिलं. "ते फाटकं रबर? हॅ. उठून मी बसू कुठे? माझी सीट टिप्यानं घेतली. माझ्या पहिल्या स्कूटरची सीट. त्या स्कूटरवरून मी लग्नाला गेलो, ऐटीत. माझी ती आठवण, तुझं ते भंगार. टिप्या उठेल तर मी उठेन."

(स्कूटर वाटेतच बंद पडली होती. मामा ती ढकलत गेले. हे मामांनी सांगितलं नाही.)

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

टिप्या कुत्रा सीटवर लोळत होता. घुर्र घुर्र.

"टिप्यादादा, टिप्यादादा, सीटवरून ऊठ.
टिप्या उठेल तर मामा उठतील.
मामा उठतील तर टायर हलेल.
टायर हलेल तर माझं पों मिळेल."

टिप्यानं एक डोळा उघडला. "मी झोपू कुठे? माझी मॅट बोकोबांनी घेतली. जीपमधली मॅट. मी पिल्लू होतो तेव्हा त्या जीपमधून फिरलो. सगळा गाव मला घाबरला. माझी ती आठवण, तुझं ते भंगार. बोकोबा उठतील तर मी उठेन."

(घाबरला होता टिप्याच. मॅट ओली केली होती. वास अजून येतो.)

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बोकोबा मॅटवर पसरले होते. ठमी उभी राहिली लांब. खूप लांब.

"बोकोबा, बोकोबा, मॅटवरून उठा.
बोकोबा उठतील तर टिप्या उठेल.
टिप्या उठेल तर मामा उठतील.
मामा उठतील तर टायर हलेल.
टायर हलेल तर माझं पों मिळेल."

बोकोबांनी मिशी चाटली. "आज पोट भरलंय, म्हणून ऐकून घेतलं. माझी थाळी कोंबडीनं घेतली. मोटारीच्या चाकावरची चकचकीत थाळी. तिच्यात मी तोंड पाहायचो. अगदी वाघ दिसायचो. माझी ती आठवण, तुझं ते भंगार. कोंबडी उठेल तर मी उठेन."

(थाळी होती खोलगट. तिच्यात डाससुद्धा वाघाएवढा दिसायचा.)

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. जरा जास्तच तुरुतुरु.

कोंबडी थाळीत बसली होती. क्वॉक क्वॉक.

"कोंबडीताई, कोंबडीताई, थाळीतून ऊठ.
कोंबडी उठेल तर बोकोबा उठतील.
बोकोबा उठतील तर टिप्या उठेल.
टिप्या उठेल तर मामा उठतील.
मामा उठतील तर टायर हलेल.
टायर हलेल तर माझं पों मिळेल."

कोंबडीनं मान वाकडी केली. "बाई गं, मी बसू कुठे? माझी वाटी बेडूकरावांनी घेतली. ट्रकच्या दिव्याची वाटी. त्या वाटीत मी अंड्यातून बाहेर आले. काय तो उजेड पडला. माझी ती आठवण, तुझं ते भंगार. बेडूकराव उठतील तर मी उठेन."

(दिवा कधीच फुटला होता. उजेड सूर्याचा होता.)

ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले. तरी तुरुतुरु.

बेडूकराव वाटीतल्या पाण्यात बसले होते. डराव डराव.

"बेडूकराव, बेडूकराव, वाटीतून उठा.
बेडूकराव उठतील तर कोंबडी उठेल.
कोंबडी उठेल तर बोकोबा उठतील.
बोकोबा उठतील तर टिप्या उठेल.
टिप्या उठेल तर मामा उठतील.
मामा उठतील तर टायर हलेल.
टायर हलेल तर माझं पों मिळेल."

बेडूकरावांनी गाल फुगवले. "आणि मी गाऊ कुठे? माझी पाटी गोगलगायीनं घेतली. गाडीच्या नंबराची पाटी. त्या पाटीवर बसून मी गायलो. ऐकायला सगळी गाडी खाली उतरली. माझी ती आठवण, तुझं ते भंगार. गोगलगाय उठेल तर मी उठेन."

(गाडी पंक्चर झाली होती.)

ठमी निघाली. आता तुरुतुरु नाही. तुरु... तुरु...

गोगलगाय पाटीवर होती. गप्प.

"गोगलताई, गोगलताई, पाटीवरून ऊठ.
गोगलगाय उठेल तर बेडूकराव उठतील.
बेडूकराव उठतील तर कोंबडी उठेल.
कोंबडी उठेल तर बोकोबा उठतील.
बोकोबा उठतील तर टिप्या उठेल.
टिप्या उठेल तर मामा उठतील.
मामा उठतील तर टायर हलेल.
टायर हलेल तर माझं पों मिळेल."

गोगलगायीनं शिंगं बाहेर काढली. "तुझं पों कसं वाजतं गं?"

ठमी बघतच राहिली. हे कुणी विचारलंच नव्हतं.

"असं वाजतं. पों. मग माझी आई म्हणायची, ठमे, घट्ट धर."

"असं होय," गोगलगाय म्हणाली. "मग मी उतरते."

"तुला काही नको?"

"माझं घर माझ्या पाठीवर. मला काय हवं?"

आणि ती उतरू लागली. सर... सर... सर... ऊन कललं. बेडूकरावांनी जांभई दिली. सर... सर... उतरली.

गोगलगाय उतरली, बेडूकराव उठले. टुणकन पाटीवर.
बेडूकराव उठले, कोंबडी उठली. टपकन वाटीत.
कोंबडी उठली, बोकोबा उठले. अलगद थाळीत.
बोकोबा उठले, टिप्या उठला. धपकन मॅटवर. हुंगलं, खूश झाला.
टिप्या उठला, मामा उठले. सीटवर बसले. चड्डीला केस चिकटले.
मामा उठले, टायर हलला. हुश्श करून वर आला. खाली पडली फट.

ठमी फटीत शिरली. ओढलं, ओढलं, ओढलं. निघालं पों.

पण कसं? पापडासारखं चपटं.

सगळे हसले. "बघा. म्हटलं नव्हतं? भंगार."

ठमीनं पोंला तोंड लावलं. फू. फू. फू. एक गाल वर आला. फू. फू. दुसरा गाल वर आला. ठमीनं दोन्ही पायांनी दाबलं.

"प्..."

पुन्हा दाबलं.

"पों."

मामांच्या हातातला चहा हातातच राहिला.

"अरे, हा तर लाल रिक्षाचा भोंगा. त्या रिक्षातून मी शाळेत जायचो." मामांनी नाक पुसलं. "ठमे, दे इकडे. भिंतीवर लावतो."

"नको, मला दे," टिप्या म्हणाला.

"माझ्या थाळीत शोभेल," बोकोबा म्हणाले.

"माझ्या गाण्याला पाहिजेच," बेडूकराव म्हणाले.

ठमीनं पों पोटाशी धरलं.

"मामा, हे फाटकं रबर आहे. तुम्हीच म्हणालात. भंगार कुणी भिंतीवर लावतं का?"

मामांनी चहात पाहिलं. टिप्यानं कान खाजवला. कोंबडीनं उगीच एक दाणा टिपला. तिथे दाणा नव्हताच.

ठमीनं पों ढकललं. गोल गोल, गोल गोल, बिळात.

बाहेर सगळे बसून राहिले. आपापल्या जागेवर. फुगून.

पण एक जण येत होती. सर... सर... सर... बिळाच्या तोंडाशी आली गोगलगाय.

"ये गं," ठमी म्हणाली. "तुझ्यासाठी वाजवते. घट्ट धर हं."

पों.

गोष्ट शिरली बिळात, आपण आपल्या घरात.