आई पलीकडे, मिचू अलीकडे

समुद्राकाठी एक शहर होतं. शहराच्या मधून खाडी जायची. खाडीच्या अलीकडे बाजार. खाडीच्या पलीकडे दीपगृह. मधे नुसतं पाणी. डुबुक डुबुक!

एकदा एक चिचुंद्री शहर बघायला आली. सोबत तिची पिल्लं. एवढ्या गर्दीत पिल्लं हरवली तर?

म्हणून मोठ्या पिल्लानं तोंडात धरली आईची शेपटी. मधल्यानं धरली मोठ्याची शेपटी. आणि मधल्याची शेपटी धरली मिचूनं. मिचू सगळ्यात लहान. जांभळाएवढी!

रांग निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

बाजार पाहिला. मासे पाहिले. मग सगळी आली धक्क्यावर. पलीकडे जायची होडी उभीच होती. आई चढली. मोठा चढला. मधला चढला.

तेवढ्यात मिचूच्या नाकात काहीतरी हुळहुळलं.

आऽऽऽ छीं!

तोंड उघडलं. शेपटी सुटली. आणि होडीही सुटली!

आई गेली पाण्यावरून लांब लांब. मिचू एकटी धक्क्यावर. तिचे बारीक डोळे भरून आले.

धक्क्याला आणखी एक होडी बांधलेली होती. मिचू गेली तिच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"होडीताई, होडीताई, मला ने ना!
आई पलीकडे. मी अलीकडे."

होडी डुलली. डुबुक डुबुक. म्हणाली, "नेईन गं बाळा. पण चाचानं वल्हं मारल्याशिवाय मी जात नाही."

होडीवाले हुसेनचाचा जाळ्याच्या ढिगाला टेकून बसले होते. मिचू गेली त्यांच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"हुसेनचाचा, वल्हं मारा ना!
होडी जात नाही.
आई पलीकडे. मी अलीकडे."

चाचांनी पोटावर हात फिरवला. "अगं पोरी, सकाळपासून पोटात काही नाही. घावन खाल्ल्याशिवाय मी वल्हं मारत नाही."

घावनं करायची द्वारकामावशी. धक्क्याच्या कोपऱ्यावर तिची चूल. मिचू गेली तिच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"द्वारकामावशी, घावन घाल ना!
चाचा वल्हं मारत नाही.
होडी जात नाही.
आई पलीकडे. मी अलीकडे."

मावशी म्हणाली, "आई गं! एवढंसं लेकरू आणि एकटं? पण काय करू? चाचांना घावनासोबत नारळाचा रस लागतो. नारळ रिक्षात अडकलेत. नारळ आल्याशिवाय मी घावन घालत नाही."

रिक्षा उभी होती बाजाराच्या रस्त्यावर. मिचू गेली तिच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"रिक्षाताई, नारळ आण ना!
मावशी घावन घालत नाही.
चाचा वल्हं मारत नाही.
होडी जात नाही.
आई पलीकडे. मी अलीकडे."

रिक्षा थरथरली. टुर्र टुर्र! "पुढं बघ, केवढी मोठी बस! बसनं वाट दिल्याशिवाय मी नारळ आणत नाही."

बस खरंच मोठी होती. मिचू तिच्या चाकापुढे उभी राहिली. लांब, हं! अगदी लांब.

"बसताई, वाट दे ना!
रिक्षा नारळ आणत नाही.
मावशी घावन घालत नाही.
चाचा वल्हं मारत नाही.
होडी जात नाही.
आई पलीकडे. मी अलीकडे."

बस ओरडली. पों पों! "मी तरी काय करू? रस्त्यात गाय बसलीय. गाय उठल्याशिवाय मी वाट देत नाही."

मिचूचे पाय दुखायला लागले. तरी ती गेली. तुरु... तुरु... तुरु.

गाय पांढरी. गाय डोंगराएवढी. मिचूचा आवाज अगदी बारीक झाला.

"गाईमावशी, ऊठ ना गं!
बस वाट देत नाही.
रिक्षा नारळ आणत नाही.
मावशी घावन घालत नाही.
चाचा वल्हं मारत नाही.
होडी जात नाही.
आई पलीकडे. मी अलीकडे."

गाईनं मान हलवली. फडफड फडफड! "कशी उठू बाळा? माझ्या कानात गोचीड शिरलीय. चावते गं. ती निघाल्याशिवाय मी उठत नाही."

आता कोण काढणार गोचीड? होडी? रिक्षा? बस? कानात कोण मावणार?

मिचू मावणार!

"मी काढू?" मिचूनं विचारलं.

"काढशील?" गाय म्हणाली. तिनं मान खाली केली. अगदी रस्त्याला टेकवली.

मिचू चढली नाकावर. नाकावरून कपाळावर. कपाळावरून कानात. आत अंधार. आत ऊब. मिचूला भीती वाटली. पण तिनं गोचीड दातांत धरली. ओढली. ओढली. ओढली.

टुप्!

निघाली! मिचूनं ती मटकन खाऊनच टाकली. चिचुंद्र्यांना किडे फार आवडतात.

"हुश्श!" गाय म्हणाली आणि तिनं मिचूला चाटलं. मिचू शेपटीपर्यंत ओलीचिंब!

मग काय?

गाय उठली. हम्माऽऽ!
बसनं वाट दिली. पों पों!
रिक्षा नारळ घेऊन निघाली. टुर्र टुर्र! "चल गं, तूही बस," ती मिचूला म्हणाली. मिचू बसली नारळांच्या मधे.
मावशीनं नारळ फोडला. फटाक्! रस काढला. तव्यावर घावन घातलं. चर्रर्र!
चाचांनी घावन खाल्लं. मट्ट मट्ट! आधी एक तुकडा मिचूला दिला, मग स्वतः खाल्लं.
चाचांनी वल्हं मारलं. चुबुक चुबुक!
आणि होडी निघाली. डुबुक डुबुक! डुबुक डुबुक!

पलीकडच्या पायरीवर कोण उभं होतं? नाक पाण्याकडे करून, कान टवकारून?

"मिचूऽऽऽ!"

"आईऽऽऽ!"

होडी टेकायच्या आधीच मिचूनं उडी मारली. टुणकन! थेट आईच्या कुशीत. आईनं तिला हुंगलं. पुन्हा हुंगलं. मोठा आणि मधला दोन्हीकडून येऊन बिलगले.

"कुठे होतीस गं तू?" आईनं विचारलं. "मी तुला केवढ्या हाका मारल्या!"

मिचू दूध पिता पिता सांगायला लागली. "आई, गाईचा कान केवढा असतो, माहितेय? आणि मी रिक्षात बसले. ती अशी चालते. टुर्र... टुर्र..."

"मग?" मोठ्यानं विचारलं.

"मग काय झालं?" मधल्यानं विचारलं.

"टुर्र..." मिचू म्हणाली. आणि तिला झोप लागली.

श्शू! हळू बोला.

होडी लागली धक्क्याला, गोष्ट लागली काठाला.