करंजाखालचं मतदान

सोलापुरातल्या एका सोसायटीचे चेअरमन धनशेट्टीसाहेब म्हणजे बोलतील ती पूर्व दिशा. अंगणभर काळ्या फरशा बसवून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत तिथला एकुलता एक करंज खुपायला लागला. का, तर त्याची फुलं साहेबांच्या नव्या गाडीवर पडतात! मे महिन्यात त्यांनी भरदुपारी सभा बोलावली, आणि तीही करंजाखालीच. जिन्यापाशी चपला काढून सगळे सावलीतल्या सतरंजीवर बसले.

“झाड पाडायचं. घ्या मतदान!” साहेबांनी फर्मावलं.

सेक्रेटरी गुमास्तेबाई हसून म्हणाल्या, “घेते की! झाड हवं असेल त्यांनी इथेच बसा. नको असेल त्यांनी समोर उन्हात उभं राहा. माझी मोजणी होईपर्यंत हलायचं नाही.”

साहेब एकटेच उठले आणि अनवाणी, ताठ मानेने फरशीवर जाऊन उभे राहिले. बाई सावकाश चष्मा पुसू लागल्या. तो नाकावर चढायच्या आतच साहेब थयथय नाचत सतरंजीवर परत!

“अहो, पाय भाजले माझे!”

“असू द्या साहेब,” बाई म्हणाल्या, “तुमचं मत पोचलं. झाड एकमताने राहिलं!”